तैवान: समाज आणि अर्थकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहादा-नंदुरबारकडच्या पपई लावणाऱ्या शेतकऱ्याला तैवान हे नाव नवं नाही. 'तैवान ७८६' म्हणून ओळखली जाणारी रेड लेडी पपई तिथल्या काओशुंग शहरातल्या नोन-यू सीड या बियाणे कंपनीने तयार केली आणि खानदेशात ती केव्हाच रुळली. शहरात मात्र तैवान म्हटलं की चिप आणि चीन या दोन शब्दांपुढे बोलणं सरकत नाही. हे बेट समजून घ्यायचं तर सुरुवात चिपपासून करू नये, जमिनीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

तैवान नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

चीनच्या फुच्येन प्रांतासमोर, जपान आणि फिलिपिन्स यांच्या मधोमध. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षाही थोडं कमी. उत्तर-दक्षिण लांबी ४०० किलोमीटरच्या आत. बेटाचा दोन तृतीयांश भाग डोंगराळ आहे आणि युशान हे सर्वोच्च शिखर ३,९५२ मीटर उंच आहे. त्यामुळे सुमारे २ कोटी ३४ लाख लोकांपैकी बहुतेक जण पश्चिमेकडच्या चिंचोळ्या सपाट पट्ट्यात राहतात. राजधानी तैपेई उत्तरेला, मोठं बंदर काओशुंग दक्षिणेला. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

तैवान हा देश आहे की चीनचा भाग?

स्वतःचं सरकार, सैन्य, चलन, न्यायालयं, पासपोर्ट, निवडणुका हे सगळं तिथे आहे. नाही ती बहुतेक देशांची औपचारिक मान्यता.

अधिकृत नाव आजही 'रिपब्लिक ऑफ चायना' आहे. हे प्रजासत्ताक १९१२ साली चीनच्या मुख्य भूमीवर स्थापन झालं. यादवी युद्धात माओंच्या कम्युनिस्टांकडून हरल्यावर चँग कै-शेक यांच्या क्वोमिन्तांग पक्षाचं सरकार १९४९ मध्ये तैवानात आलं. संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा १९७१ पर्यंत या सरकारकडे होती, मग ती बीजिंगला गेली. १९७९ मध्ये अमेरिकेनेही राजनैतिक संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये नाऊरूने पाठ फिरवल्यावर तैवानला औपचारिक मान्यता देणारे १२ देश उरले. ऑलिंपिकमध्ये तैवानचे खेळाडू 'चायनीज तैपेई' या नावाने उतरतात.

बीजिंग तैवानला आपला प्रांत म्हणतं. मात्र १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आजच्या चीनने तैवानवर एक दिवसही राज्य केलेलं नाही. वाद समजून घेताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये.

तिथले लोक चिनीच ना?

बहुसंख्य लोकांचे पूर्वज चीनमधून आले, हे खरं. सतराव्या शतकापासून फुच्येनमधून आलेले होक्लो आज सुमारे ७० टक्के आहेत, त्यांच्या खालोखाल हक्का हा वेगळी बोली असलेला चिनी समूह. १९४९ च्या सुमारास क्वोमिन्तांगबरोबर आलेले सैनिक, कारकून, शिक्षक आणि त्यांची कुटुंबं हा तिसरा गट. हे सगळे येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून बेटावर राहणारे मूळनिवासी आज जेमतेम अडीच टक्के उरले आहेत. आमिस, अतायल, पायवान, बुनुन अशा १६ जमातींना सरकारी मान्यता आहे. त्यांच्या भाषांचं नातं चिनीशी नाही, ते फिलिपिन्स, इंडोनेशिया, मादागास्कर, अगदी न्यूझीलंडच्या माओरींपर्यंत पोहोचतं. त्या सगळ्या भाषाकुळाचा उगम तैवानात असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. १ ऑगस्ट २०१६ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांनी शतकानुशतकांच्या अन्यायाबद्दल मूळनिवासींची सरकारच्या वतीने माफी मागितली. जमिनीच्या हक्काचे प्रश्न त्यानंतरही पूर्ण सुटलेले नाहीत.

स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, हे लोकांनी हळूहळू ठरवलं. तिथलं एक विद्यापीठ १९९२ पासून दरवर्षी हाच प्रश्न विचारतं. तेव्हा 'मी फक्त तैवानी' म्हणणारे पाचांत एकापेक्षाही कमी होते, आता ते ६० टक्क्यांच्या वर आहेत. भाषेचंही तसंच. क्वोमिन्तांगच्या हुकूमशाहीच्या काळात शाळेत तैवानी, म्हणजे होक्लोंची भाषा, बोललं की मुलांना दंड व्हायचा किंवा गळ्यात पाटी अडकवून उभं केलं जायचं. आज तैपेईच्या मेट्रोत मँडरिनबरोबर तैवानी आणि हक्का भाषेतही घोषणा होतात.

लोकशाही केव्हापासून?

थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदा निवडला गेला १९९६ मध्ये. त्या आधीचा रस्ता रक्ताचा होता.

१८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं बेट जपानची वसाहत होतं. जपान हरल्यावर क्वोमिन्तांगचे अधिकारी आले. त्यांचा भ्रष्टाचार, महागाई आणि तांदळाची टंचाई यांनी लोक कातावले होते. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत तंबाखू मक्तेदारी खात्याच्या माणसांनी चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेचा माल आणि पैसे हिसकावून घेतले आणि तिच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता मारला. गर्दी जमली, गोळी सुटली, एक माणूस मेला. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं आणि मग सगळं बेट. मार्चमध्ये मुख्य भूमीवरून सैन्य उतरलं. सरकारनेच नेमलेल्या समितीने १९९२ मध्ये मृतांचा अंदाज १८,००० ते २८,००० असा दिला. त्यात डॉक्टर, वकील, शिक्षक अशी शिकलेली माणसं वेचून मारली गेली. जवळपास चाळीस वर्षं या घटनेबद्दल उघडपणे बोलायची सोय नव्हती. आज २८ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी असते.

मे १९४९ ते जुलै १९८७ अशी ३८ वर्षं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, होता. लोकशाही वरून आयती मिळाली नाही. १९७९ मध्ये काओशुंगला निघालेल्या लोकशाहीवादी मोर्चानंतर त्याचे नेते तुरुंगात गेले. १९८६ मध्ये बंदी असतानाही विरोधकांनी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. १९९० मध्ये विद्यार्थी चौकात ठाण मांडून बसले. क्वोमिन्तांगमध्येही ली तेंग-हुई यांच्यासारखा वारा ओळखणारा नेता निघाला. २००० साली सत्ता पहिल्यांदा विरोधी पक्षाकडे गेली आणि त्यानंतर ती शांतपणे हात बदलत राहिली. २०२४ च्या निवडणुकीत लाय चिंग-ते सुमारे ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले, संसदेत मात्र त्यांच्या पक्षाचं बहुमत गेलं. संसदेत ४० टक्क्यांहून अधिक महिला आहेत. मे २०१९ मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा तैवान आशियातला पहिला ठरला.

गरीब, शेतीवर जगणारं बेट श्रीमंत कसं झालं?

माझ्या मते या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९४९ मध्ये बेटावरचे बरेच शेतकरी कुळं होती आणि निम्मं किंवा त्याहून अधिक पीक खंड म्हणून मालकाला द्यायची. सरकारने त्याच वर्षी खंडाची कमाल मर्यादा मुख्य पिकाच्या ३७.५ टक्के ठरवली. १९५१ मध्ये जपान्यांकडून आलेली सरकारी जमीन विकायला काढली. १९५३ मध्ये 'कसेल त्याची जमीन' कायदा झाला. जमीनदाराला भाताची सुमारे ३ हेक्टर जमीन ठेवता आली, उरलेली सरकारने घेऊन कुळांना हप्त्यांवर दिली. मोबदला देण्याची रीत विचारपूर्वक ठरवलेली होती. ७० टक्के भाग तांदूळ आणि रताळ्यांच्या भावाशी बांधलेल्या रोख्यांत दिला, म्हणजे महागाईने तो खाऊन टाकला नाही. ३० टक्के भाग सिमेंट, कागद, शेती-वनोत्पादन आणि खाण या चार सरकारी कंपन्यांच्या शेअरमध्ये दिला. काही जमीनदार त्यातून कारखानदार झाले, बऱ्याच लहान जमीनदारांनी शेअर कवडीमोलाने विकून टाकले आणि त्यांची घरं खालावली.

हे इतक्या झपाट्याने होऊ शकलं याचं कारण सरळ आहे. राज्यकर्ते बाहेरून आलेले होते आणि तैवानातले जमीनदार त्यांच्या गोतावळ्यातले नव्हते. शिवाय चीनमध्ये शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांना साथ दिल्याचा फटका त्यांना ताजा होता. जपानी काळातले कालवे आणि धरणंही हाताशी होती. त्यात अभियंता हत्ता योइची यांचा १९३० मध्ये पूर्ण झालेला चिआनान कालवा मोठा. आणि १९६५ पर्यंत अमेरिकेची मदत येत होती.

शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, त्याने मुलांना शिकवलं. १९६६ मध्ये काओशुंगला निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं आणि गावाकडच्या मुली कारखान्यांत कामाला लागल्या. १९७२ च्या सुमारास सरकारी घोषणाच होती: घराच्या बैठकीत कारखाना. शाळेतून आलेली मुलं आईबरोबर बसून छत्र्यांचे दांडे, प्लास्टिकची फुलं, ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा जोडायची. दक्षिण कोरियाने मोठी उद्योगघराणी उभी केली, तैवानात मात्र लहान कारखान्यांचं जाळं विणलं गेलं. आजही तिथल्या ९८ टक्क्यांहून अधिक कंपन्या लघु आणि मध्यम आहेत आणि बहुतांश रोजगार त्यांच्याकडेच आहे. या वाढीचं श्रेय फक्त मंत्र्यांना देणाऱ्या लेखांशी मी सहमत नाही. ती त्या बैठकीतल्या बायकांच्या कष्टाचीही आहे.

मग चिप कुठून आली?

फेब्रुवारी १९७४. तैपेईतल्या सोयादूध विकणाऱ्या एका साध्या दुकानात सकाळच्या न्याहारीला सात माणसं जमली. अर्थमंत्री सुन युन-सुआन होते, आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करणारे अभियंते पान वेन-युआनही. छत्र्या आणि खेळण्यांवर देश फार पुढे जाणार नाही, पुढे काय, असा विषय होता. पान यांनी इंटिग्रेटेड सर्किटचं, म्हणजेच चिपचं, नाव घेतलं. चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील, असा अंदाज सांगितला. १९७६ मध्ये आरसीएशी तंत्रज्ञानाचा करार झाला आणि तरुण इंजिनिअर शिकायला अमेरिकेत गेले. सरकारी संशोधन संस्था इट्री हे सगळं सांभाळत होती. १९८० मध्ये शिंचू शहरातलं सायन्स पार्क उभं राहिलं.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढलेले मॉरिस चँग इट्रीचे प्रमुख म्हणून आले. १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी काढली. भांडवल सरकारचं, डच कंपनी फिलिप्सचं आणि स्थानिक उद्योजकांचं. त्यांची कल्पना अशी: आपण स्वतःची चिप डिझाइन करायची नाही, दुसऱ्यांनी केलेली बनवून द्यायची. गिऱ्हाइकाशी स्पर्धा नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा भरवसा. त्यामुळे कारखान्याचा अवाढव्य खर्च परवडत नसलेल्या लहान डिझाइन कंपन्या जगभर जन्माला आल्या. एनव्हिडिया त्यातलीच. तिचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीच्या प्रमुख लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानातला.

जगातल्या सर्वात प्रगत चिपपैकी सुमारे ९० टक्के तैवानात बनतात. पण सगळी साखळी तैवानच्या हातात आहे, असं समजू नये. चिपवर नक्षी छापणारी यंत्रं नेदरलँड्सच्या एएसएमएलची, बरीच रसायनं जपानची, डिझाइनची सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकेची. तैवानचं वैशिष्ट्य म्हणजे हे सगळं एकत्र आणून, चुका कमी करत, दिवसरात्र पाळ्यांत कारखाना चालवण्याचं कसब.

फॉक्सकॉन म्हणजेच टीएसएमसी का?

नाही. मराठी बातम्यांत ही सरमिसळ वारंवार दिसते. फॉक्सकॉन, म्हणजे होन हाय, ही १९७४ मध्ये टेरी गौ यांनी प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून सुरू केलेली कंपनी. तिचं मुख्य काम जुळणीचं: आयफोन, सर्व्हर वगैरे. तिचे मोठे कारखाने तैवानबाहेर आहेत. याशिवाय एसर, असुस, मीडियाटेक आणि सायकलींची जायंट या तैवानी कंपन्या आपल्या ओळखीच्या आहेत.

वीज आणि पाण्याचं काय?

हीच तिथली दुखरी नस आहे. ऊर्जेची ९५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते. शेवटची अणुभट्टी १७ मे २०२५ रोजी बंद झाली. ती पुन्हा सुरू करावी का, यावर ऑगस्टमध्ये सार्वमत झालं. होकार जास्त पडले, पण कायद्याने लागणारा आकडा गाठला गेला नाही.

पाऊस भरपूर, पण नद्या आखूड आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी समुद्रात धावतं. २०२० मध्ये एकही वादळ बेटावर धडकलं नाही आणि २०२१ मध्ये मोठा दुष्काळ पडला. सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडून शेतकऱ्यांना भरपाई दिली, चिप कारखान्यांनी टँकर लावले. ज्या शेतकऱ्यांच्या जोरावर हा देश उभा राहिला, त्यांचं पाणी सर्वात आधी बंद झालं, याचं मला वाईट वाटतं.

सामान्य माणसाचं बरं चाललंय का?

दरडोई उत्पन्न २०२४ मध्ये ३३ हजार डॉलरच्या वर होतं, गुन्हेगारी कमी आहे, सार्वजनिक वाहतूक उत्तम आहे. २००७ पासून धावणारी हायस्पीड रेल्वे तैपेईहून काओशुंगला दोन तासांच्या आत पोहोचवते. पण चिप कंपन्यांबाहेरचे पगार कित्येक वर्षं फारसे हललेले नाहीत. २०२५ मध्ये किमान वेतन महिना २८,५९० तैवानी डॉलर होतं. तैपेईत साधा फ्लॅट घ्यायचा तर कुटुंबाची पंधरा वर्षांची मिळकतही पुरत नाही.

मुलं जन्माला न येण्याचं हे एक मोठं कारण. एका स्त्रीमागे सरासरी मुलांचं प्रमाण एकाच्याही खाली गेलं आहे आणि २०२० पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आहेत. म्हाताऱ्या माणसांची काळजी, कारखाने आणि मासेमारीच्या बोटी इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि थायलंडमधून आलेल्या सुमारे ८ लाख कामगारांवर चालतात. त्यांना दलालांचे पैसे फेडत बसावं लागतं, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना तर मुख्य कामगार कायद्याचं संरक्षणच नाही. एवढ्या सजग लोकशाहीला ही गोष्ट शोभत नाही.

आरोग्य विम्याची एवढी तारीफ का होते?

कारण ती खरी आहे. १ मार्च १९९५ रोजी सगळे वेगवेगळे विमे एकत्र करून एकच राष्ट्रीय विमा सुरू झाला. आधी चाळीसेक टक्के लोक विम्याबाहेर होते, आज जवळपास सगळे आत आहेत. एक कार्ड घेऊन कुठल्याही दवाखान्यात जा, थोडी फी भरा, डॉक्टर बघतात, औषधंही त्यातच. दाताचं काम आणि चिनी पारंपरिक औषधोपचारही धरलेले आहेत. ताण डॉक्टर-नर्सवर येतो, त्यांची तक्रार रास्त आहे.

रोजच्या जगण्यात वेगळं काय दिसतं?

संध्याकाळी गल्लीत बेटहोव्हेनची 'फ्युअर एलिझ' वाजू लागली की घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन खाली येतात. ती तिथली घंटागाडी. कचरा रस्त्याकडेला ठेवायचा नाही, स्वतः गाडीत टाकायचा. मागे पुनर्वापराची दुसरी गाडी असते: कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या, खरकटं वेगळं. तैपेईत २००० सालापासून कचरा पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो. जितका कचरा जास्त, तितका खर्च जास्त. एकेकाळी कचऱ्याने तुंबलेल्या शहराने एवढी मजल मारली. शेजाऱ्यांच्या चार गप्पाही तिथेच होतात.

दुसरी मजेची गोष्ट पावती. दुकानाच्या प्रत्येक बिलावर क्रमांक असतो आणि दर दोन महिन्यांनी त्यांची सोडत निघते. सर्वात मोठं बक्षीस एक कोटी तैवानी डॉलरचं. १९५१ पासून हे चालू आहे. गिऱ्हाईक आपणहून पावती मागतं, त्यामुळे दुकानदाराला विक्री लपवता येत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

आशियातल्या बऱ्याच देशांपेक्षा कमी. बौद्ध परंपरेमुळे शुद्ध शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आढळतात. कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. रात्रबाजारात मात्र विचारून खावं. भाजीच्या वाटीतही हाडांचा रस्सा असू शकतो.

युद्धाच्या भीतीत लोक जगतात कसे?

भीती आहे, घबराट नाही. चिनी विमानं आणि जहाजं जवळ आल्याचे आकडे रोज जाहीर होतात, लोक ते वाचून कामाला जातात. जानेवारी २०२४ पासून तरुणांची सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून एक वर्ष झाली. भीतीची सवय जुनीच. चीनच्या शियामेन शहरासमोरच्या किनमेन बेटावर १९५८ मध्ये तोफगोळ्यांचा मारा झाला आणि एक दिवसाआड तो १९७९ पर्यंत चालू राहिला. त्या गोळ्यांच्या पोलादापासून किनमेनचे लोहार आजही स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतात.

गुंतागुंत अशी की हाच चीन मोठं गिऱ्हाईकही आहे. २०२० मध्ये तैवानची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात चीन आणि हाँगकाँगला जात होती. तो वाटा आता उतरतो आहे, अमेरिकेचा वाढतो आहे. बहुतेक लोकांना आज ना विलीनीकरण हवंय, ना घाईने स्वातंत्र्याची घोषणा. आहे ते टिकवायचं, असा त्यांचा कल.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

राजनैतिक संबंध नाहीत, व्यवहार वाढते आहेत. १९९५ पासून तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन हे भारताचं कार्यालय आणि दिल्लीत तैवानचं कार्यालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही ते सुरू झालं. भारतीय कामगार पाठवण्याचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटांचा ९१,००० कोटींचा चिप कारखाना तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा राहतो आहे.

वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं. जुळणीत मुरलेल्या कंपनीला चिप बनवण्याचा अनुभव फारसा नव्हता, हा मुद्दा त्या गदारोळात कुणी पुरेसा मांडला नाही.

शिकायला किंवा फिरायला जायचं तर?

तैवान सरकारच्या दोन शिष्यवृत्त्या भारतीयांसाठी खुल्या असतात: एक पदवीसाठी, दुसरी मँडरिन शिकण्यासाठी. लिपी पारंपरिक चिनी, म्हणजे चीनमध्ये शिकवतात तिच्यापेक्षा अवघड वळणाची. अमेरिका, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना अटींवर ऑनलाइन प्रवास परवाना मिळू शकतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईच्या कार्यालयाकडून खात्री करून घ्या. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ, तो टाळलेला बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा छान असते.